लाल टोपीची सिरिंज आणि नवशिक्यांचे गिट



तुमच्या घरी कोणी इन्सुलिन घेत असेल तर हे माहीत असेल. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली बहुधा 40 ची असते, म्हणजे 1 मिलिलिटरमध्ये 40 युनिट. तिच्यासाठी लाल टोपीची सिरिंज. 100 च्या बाटलीसाठी नारिंगी टोपीची. लाल टोपीच्या सिरिंजने 100 च्या बाटलीतले इन्सुलिन भरले तर डोस अडीचपट जातो आणि साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. टोपीचा रंग चष्मा न लावलेल्या आजोबांनाही दिसतो, म्हणून तो वेगळा ठेवला आहे.

आज मात्र मला औषधाविषयी नाही, संगणकातल्या एका अवजाराविषयी लिहायचे आहे. तब्येतीशी त्याचा संबंध काय, ते पुढे येईलच.

गिट म्हणजे काय?

एखादा अर्ज लिहिताना तुम्ही 'अंतिम', 'अंतिम 2', 'खरंच अंतिम' अशा प्रती ठेवता ना? सॉफ्टवेअर लिहिणारे हेच काम 'गिट'वर सोपवतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते 2005 मध्ये लिनक्सच्या कामासाठी तयार केले. कामाच्या प्रत्येक टप्प्याची नोंद त्यात राहते, आपल्या केसपेपरसारखी. या नोंदीला 'कमिट' म्हणतात. माझ्या लेखांचे मसुदेही मी गिटमध्येच ठेवतो.

बरेच जण गिट कमांड लाइनवर, म्हणजे काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून वापरतात. तिथे बटणे नसतात, आणि बहुतेक वेळा 'नक्की ना?' असे कोणी विचारतही नाही.

धडधडीचे कारण

पहिल्याच नोकरीत असलेली एक मुलगी छातीत धडधड आणि झोप न लागणे अशी तक्रार घेऊन आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड सगळे ठीक. बोलता बोलता कळले, की तिने 'गिट रिसेट हार्ड' हा हुकूम दिला आणि कमिट न केलेले दोन दिवसांचे काम क्षणात गेले. वरिष्ठांनी सर्वांसमोर सुनावले, "नीट बघून टाइप करत जा." "डॉक्टर, आता मी रोज सगळं फोल्डर कॉपी करून ठेवते आणि गिटला शक्यतो हातच लावत नाही," ती म्हणाली.

साखर एकदा खूप उतरली की काही रुग्ण भीतीने इन्सुलिनच बंद करतात. इथेही तसेच झाले होते. वारंवार कमिट करणे हाच गिटमधला विमा, आणि घाबरलेला माणूस नेमके तेच टाळतो.

'लक्ष द्या' एवढे पुरत नाही

1999 साली अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 'टू अर इज ह्यूमन' हा अहवाल काढला. त्याचा गाभा असा, की बहुतेक वैद्यकीय चुका निष्काळजी माणसांमुळे नव्हे तर सदोष व्यवस्थेमुळे होतात. तीव्र पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता शिरेत दिले तर हृदय बंद पडू शकते. यावर परिचारिकेला 'सांभाळून' म्हणणे हा उपाय पुरेसा नाही. ती कुपी वॉर्डाच्या फळीवरून हलवणे हा खरा उपाय.

गिटमध्येही अशी पावले पडली आहेत. 'चेकआउट' या एकाच हुकुमाला दोन कामे होती: एका शाखेतून दुसरीत जाणे आणि फाइलीतले बदल टाकून देणे. 2019 मध्ये त्यासाठी 'स्विच' आणि 'रिस्टोअर' असे वेगळे हुकूम आले. 2014 च्या 2.0 आवृत्तीपूर्वी नुसते 'पुश' म्हटले की जुळत्या नावांच्या सगळ्या शाखा सर्व्हरवर जात. त्यानंतर फक्त चालू शाखा जाऊ लागली.

तरी बरेच बाकी आहे. 'रिस्टोअर' ऐकून नवख्याला वाटते की हरवलेले परत मिळेल. प्रत्यक्षात तो हुकूम जुनी प्रत आणतो आणि नवे काम न विचारता टाकून देतो. 'डिटॅच्ड हेड' हा संदेश वाचून तर मला आधी अपघात विभागच आठवला!

मग प्रत्येक हुकुमाला 'नक्की ना?' विचारावे का? आयसीयूत सतत वाजणाऱ्या अलार्मकडे कर्मचाऱ्यांचे दुर्लक्ष होऊ लागते. तसेच इथेही होईल. कायमचे काही जाणार असेल तेव्हाच विचारावे, आणि 'बारा फाइलींतले बदल परत मिळणार नाहीत' असे स्पष्ट सांगावे. त्याहून चांगले म्हणजे पुसण्याआधी आपोआप एक प्रत ठेवावी. हे जमण्यासारखे आहे. 'जुजुत्सु' नावाच्या नव्या साधनात चालू कामाची नोंद आपोआप होते आणि मागे फिरायला 'अनडू' हा एक शब्द पुरतो.

गिटमध्येही उतारा आहे, पण कपाटात आत ठेवलेला. त्याचे नाव 'रेफलॉग'. कमिट केलेले काम चुकून दिसेनासे झाले तर एरवी 30 दिवस तरी तिथून परत मिळते. कमिटच केले नसेल तर मात्र तिथे सापडत नाही.

लक्षात ठेवा

• छोटे छोटे कमिट करा. मसुदा अर्धवट असला तरी चालेल.
• हुकुमात 'हार्ड', 'फोर्स' किंवा 'क्लीन' असेल तर आधी 'गिट स्टेटस' पाहा.
• 'फोर्स'ऐवजी 'फोर्स विथ लीज' वापरा. मध्यंतरी सहकाऱ्याने काही चढवले असेल तर तो सहसा नकार देतो.
• काम गेलेच तर घाईने आणखी हुकूम देऊ नका. जाणकाराला बोलवा.
• वरिष्ठांनो, नवीन मुलांना पहिल्याच दिवशी सरावाच्या फोल्डरमध्ये काम घालवायला आणि रेफलॉगमधून परत आणायला शिकवा. मुख्य शाखेवर 'फोर्स' चालणार नाही अशी सोय सर्व्हरवर करा.
• पालकांनो, धडधड आणि निद्रानाश दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर मुलांना डॉक्टरांकडे न्या. छातीत दुखले किंवा शुद्ध हरपली तर दोन आठवडे थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा. आणि तपासण्या ठीक आल्या तरी 'कामावर काय झालं?' हा प्रश्न शांतपणे विचारा.