दोन पडदे आणि आजीची हनुवटी

मंडळी, माझ्या टेबलावर सध्या दोन मॉनिटर शेजारी शेजारी नांदत आहेत. एक माझा जुना, 19 इंची, 1280 गुणिले 1024 ठिपक्यांचा. दुसरा मुलाने आणून दिलेला 27 इंची, 3840 गुणिले 2160चा. "बाबा, आता जुना काढून टाका," असं तो म्हणाला होता. मी काढला नाही. का, ते सांगतो.

वडिलांच्या आईचा एकच फोटो आमच्या घराण्यात उरला आहे. 3 बाय 4 इंचांचा, 1940च्या सुमाराचा. आजी गेली तेव्हा मी दोन वर्षांचा होतो, त्यामुळे तिचा चेहरा मला ठाऊक आहे तो एवढाच. सगळ्या भावंडांना 6 बाय 8च्या प्रती हव्या होत्या. फोटो 600 डीपीआयने स्कॅन केला, म्हणजे 1800 गुणिले 2400 ठिपके झाले. छपाईला इंचाला 300 ठिपके लागतात, हिशेब बरोबर बसला.

डाग पुसायला बसलो तेव्हा गंमत सुरू झाली. एकच फोटो, दोन्हीकडे "100 टक्के", पण जुन्या पडद्यावर आजीचा चेहरा साडेतीन इंचांचा आणि नव्यावर दोन इंचांपेक्षाही कमी! आम्ही भूगोलात नकाशाचं प्रमाण शिकवायचो, तोच धडा इथे. 100 टक्के म्हणजे फोटोच्या एका ठिपक्याला पडद्याचा एक ठिपका. जुन्या पडद्यावर इंचात सुमारे 86 ठिपके मावतात, नव्यावर 163. तेव्हा जुन्यावर 50 टक्के आणि नव्यावर 100 टक्के ठेवलं की मापं जवळजवळ जुळतात. छापून किती मोठं दिसेल ते पाहायचं, तर नव्यावर 54 टक्के आणि जुन्यावर 29. हे आकडे मी कागदावर लिहून भिंतीला चिकटवले आहेत. (मास्तरकी जात नाही!)

विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये प्रत्येक पडद्याचं स्केल वेगळं ठेवता येतं. माझं नव्यावर 150 टक्के आहे, जुन्यावर 100. याने अक्षरं आणि बटणं वाचण्याजोगी होतात. खिडकी इकडून तिकडे ओढली की एखादा जुना प्रोग्राम धूसर दिसतो, तेवढं चालवून घ्यायचं. उंदीरमामांची अडचण मात्र मजेशीर होती. नवा पडदा 2160 ठिपके उंच, जुना 1024. त्यामुळे बाण मधल्या कुंपणाला अडायचा, फाटक अर्ध्याच भागात! सेटिंगमधल्या चित्रात जुन्या पडद्याचा चौकोन खाली सरकवून फाटक टेबलावरच्या जागेशी जुळवलं. रंगांचं म्हणाल तर जुना थोडा निळसर आहे, म्हणून काळं-पांढरं, उजेड-सावली हे सगळं नव्यावरच ठरवतो. यात वाद नको.

आता हनुवटी. तिथे तीन काळे ठिपके होते. नव्या पडद्यावर तिन्ही मोहरीएवढे आणि अगदी सारखे. भाचा म्हणाला, "मामा, एका क्लिकचं काम आहे." मी हनुवटीला हात न लावता आधी आत्याला बोलावलं. आत्या नव्वदीपार आहे, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली. नव्या पडद्याकडे पाहून ती म्हणाली, "गोड दिसतेय आई," बस्स. मग जुन्यावर 100 टक्के करून दाखवलं. ती खुर्ची पुढे ओढून बराच वेळ बघत राहिली.

"मधलं गोंदण आहे रे. ते नको पुसू."

मग मीही नीट पाहिलं. मधल्या ठिपक्याची कड मऊ होती, कातडीत मुरल्यासारखी. बाजूच्या दोघांच्या कडा फाटक्या, आणि त्यातला एक तर हनुवटीवरून थेट पदरावर उतरलेला. म्हणजे तो कागदावरचा डाग, आजीचा नव्हे. ते दोन काढले.

नव्या पडद्यावरही 200 टक्के करून हे दिसलं असतं, हे मला मान्य आहे. पण 100 टक्के लिहिलेलं दिसलं की माणूस तिथेच थांबतो, आणि मग भाच्याची ती एक क्लिक. जुना मॉनिटर म्हणूनच टेबलावर आहे.

प्रती पुढच्या आठवड्यात छापून येतील. नात्यातल्या कोणाकडे आजीचा आणखी एखादा फोटो असेल तर स्कॅन करून कळवा. मोबाइलवरून धाडणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून धाडा, नुसता फोटो म्हणून धाडला की तो आकसतो आणि गोंदणही जातं.