क्लोज

भाऊबीजेच्या आदल्या रात्री ताई आणि भाचा लोधिवलीला आली. जेवणे झाली, पणत्यांतले तेल संपत आले, तरी भाचा ओटीवर मोबाइल घेऊन बसलेलाच. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून ट्रक जात होते, तेवढाच काय तो आवाज. मध्येच तो "गेला!" म्हणून मांडीवर थाप मारी आणि पुन्हा गप्प होई.

"कोण गेला रे?"

"मॅप, मामा. मिराज गेला. आता इन्फर्नो."

अज्ञान कबूल करायची सवय मास्तराला नसते. पण मी केले. मग त्याने मला शिकवले. काउंटर-स्ट्राइक हा संगणकावरचा बंदुकांचा खेळ. पाच-पाच जणांचे संघ. मॅप म्हणजे रणभूमी, प्रत्येकीला नाव. १३ फेऱ्या आधी जिंकेल त्याचा तो मॅप, आणि तिनांतले दोन मॅप घेईल त्याचा सामना. इथवर सगळे कबड्डीइतके सरळ वाटले. पुढे आला तो भाकितांचा बाजार. अमेरिकेतल्या पॉलिमार्केटसारख्या ठिकाणी 'हा संघ जिंकेल' अशी जणू चिठ्ठीच विकत मिळते. खरे ठरले तर एक डॉलर, नाही तर शून्य. चिठ्ठीचा भाव ६२ सेंट असला, तर लोक शंभरात ६२ इतकी आशा धरून आहेत असे समजायचे. फेरीगणिक भाव हलतो. आणि सामन्याची चिठ्ठी निराळी, प्रत्येक मॅपची निराळी.

"सामना एकच, मग इतक्या चिठ्ठ्या कशाला?"

"एक मॅप गेला तरी पुढचा असतो ना, मामा!"

हे वाक्य मी याच ओटीवर पूर्वी ऐकले होते.

वडील खोपोलीला कारखान्यात होते आणि मटका खेळत. मटक्याचे मूळ कापसात आहे. न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचे उघडतानाचे आणि मिटतानाचे भाव तारेने मुंबईस येत, त्यांवर लोक पैसे लावीत. ते थांबले, तेव्हा १९६२ साली कल्याणजी भगतांनी वरळीला आकडे काढायला आरंभ केला. १९६४ साली रतन खत्रींनी आपला निराळा मटका काढला. तीन पत्ते, त्यांच्या बेरजेतला शेवटचा अंक. रात्री आधी ओपन, मग उशिरा क्लोज. आकडा लागला तर रुपयाला नऊ. पाचवीत असताना मी पाटीवर हिशेब मांडून दाखवला होता, की दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला तर दहा जातात नि नऊच परत येतात. वडिलांनी कौतुकाने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ओपन गेला तरी क्लोज आहे ना!"

एकदम हरलेला माणूस निदान झोपतो तरी. वडील कधी पुरते हरतच नसत. काही तासांवर दुसरे दार किलकिले असेच. आईच्या पाटल्या त्या दारातून गेल्या. मी मॅट्रिक झालो त्या साली कॉलेजची फी निम्मी ओपनला गेली, निम्मी क्लोजला. (माझ्या कादंबऱ्यांत एकही नायक पदवीधर नाही, असे एका टीकाकाराने लिहिले होते. त्याला काय सांगणार?)

"हे सगळे चालते का रे कायद्याने?"

चालत नाही, हे त्यालाही ठाऊक होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मात्र खेळ म्हणून मान्यता दिली. भाचा परदेशातल्या एका मित्राच्या खात्यावरून लावीत होता. वडिलांच्या वेळीही १८८७ चा जुगारबंदीचा कायदा होताच, आणि चिठ्ठी घेणारा माणूस चहाच्या टपरीमागे उभा असे.

"किती गेले?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सहामाहीची फी. पण इन्फर्नो आला की..."

मोबाइल हिसकावून घ्यावा, चार गोष्टी सुनवाव्या, असे सगळे मनात आले. तेवढ्यात पडद्यावर अकरा-अकरा झाले. मी त्याच्या शेजारी सरकून बसलो.

"आपला कुठला?" मी विचारले.

आतून पावले वाजली. ताई दारात उभी होती. तिने मुलाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि आई विचारी तशाच दबक्या आवाजात विचारले,

"क्लोज काय आला?"