सुलतानचे पिस्तूल

दिवाळीच्या सुटीत आम्ही म्हैसूरला गेलो आणि एक दिवस श्रीरंगपट्टणसाठी राखून ठेवला. कावेरीच्या प्रवाहांनी वेढलेले हे बेट म्हैसूरपासून जवळच आहे. लेकाला एकच ध्यास, टिपू सुलतानचे पिस्तूल! २०१५ मध्ये लंडनला टिपूंच्या शस्त्रांचा लिलाव झाला, त्याची चित्रे त्याने पाहिली होती.

ती चकमकीची पिस्तुले. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासायची. चाप ओढला की गारगोटी पोलादावर आदळते, ठिणगी रंजकावर पडते आणि बार उडतो. दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. एका बारानंतर पुन्हा सारे पहिल्यापासून, म्हणून पिस्तुले जोडीने बाळगत.

दर्या दौलत बागेत, १७८४ च्या त्या सागवानी महालात, भिंतीवर पोल्लिलूरची लढाई रंगवलेली आहे. लेक मात्र हिरमुसला. लिलावात गेलेले पिस्तूल इथे कुठून असणार? ४ मे १७९९ रोजी सुलतान शहीद झाले, शहर लुटले गेले आणि शस्त्रे सातासमुद्रापार गेली.

गुंबजमध्ये हैदर अली, फातिमा बेगम आणि टिपू यांच्या कबरींपाशी आम्ही फातिहा पढलो. बाहेर आल्यावर लेकाने विचारले, "अम्मी, आता ते पिस्तूल कोणाचं?"

"ज्याने पैसे मोजले त्याचं."

"आणि बनवलं कोणी?"

आम्ही सांगितले, टिपूंच्या कारखान्यातल्या काही शस्त्रांवर कारागिराचे नाव आणि मौलूदी सन कोरलेला असतो. उर्दूत अक्षरे उजवीकडून वाचतात, पण आकडे डावीकडून. टिपूंनी आकडेही उजवीकडून लिहायला लावले. १२१५ हा सन नाण्यावर ५१२१ असा दिसतो.

"मला वाचता येईल ते नाव?"

आम्ही गप्प झालो. वीस वर्षे दुसऱ्यांच्या मुलांना उर्दू शिकवली. स्वतःचे मूल इंग्रजी शाळेत घातले आणि घरी अलिफ-बे शिकवायला सवड मिळाली नाही. पिस्तूल लुटून नेले ते परक्यांनी. लिपी तर आमच्याच हातून सुटत होती.

परतीच्या गाडीत त्याच्याच वहीत पहिला अलिफ काढून दिला. गाडी हलत होती, त्याचा अलिफ वाकडा आला. आता रोज मगरिबनंतर एक पान असते. संग्राहकाइतके पैसे आमच्यापाशी कधी येणार नाहीत, पण ते नाव वाचणारा एकजण, इन्शाअल्लाह, आमच्या घरात तयार होईल.