चौऱ्याण्णव ग्रॅम

४ सप्टेंबर २०२४, सांगली

रात्री दोनला जाग आली तर धाकटी खिडकीशी उभी. बाहेर पाऊस, हातात मोबाइल. "पप्पा, आयर्विनला किती फूट झालं असेल?" म्हटलं, नदी पात्रात आहे, झोप बाळ. ती झोपली नाही आणि मीही नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. पहिल्या मजल्यावरून बोटीत उतरवलेलं पोर आहे हे. माझं फ्रीजदुरुस्तीचं दुकान छतापर्यंत पाण्यात होतं. पाणी ओसरल्यावर महिनाभर मी लोकांचे गाळानं भरलेले फ्रीज उघडत होतो.

सकाळी चहाला तिनं विचारलं, "मी तुमच्या वयाची होईपर्यंत सांगली राहील का?" हो म्हणून मोकळं होता आलं असतं. पण तिनं पाणी बघितलंय, तिच्याशी उगाच काहीतरी बोलवत नाही. मी कप धुवायला उठलो.

७ सप्टेंबर

गणपती बसले. दुकान बंद. आरतीत धाकटीचा आवाज सगळ्यांच्या वर होता. बरं वाटलं.

९ सप्टेंबर

सणात फ्रीझरवर सुऱ्या चालतातच. आज एका काकूंनी बर्फ खरवडताना फ्रीझर पंक्चर केला. साबणाचा फेस लावला तर टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून बुडबुडा फुगत होता, फुटत होता, परत फुगत होता.

आयटीआयमध्ये लीक शोधायला आमच्याकडे हॅलाइड टॉर्च होता. त्याची रबरी नळी सांध्यावरून फिरवायची. लीक असेल तिथं निळी ज्योत एकदम हिरवी व्हायची. साल १९८६. त्या हिरव्या रंगाचं आम्हा पोरांना फार अप्रूप होतं. ज्योत हिरवी करणारं गॅसमधलं क्लोरीनच आकाशातला ओझोन खातं, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही. फ्रीजमधला गॅस, म्हणजे आर-१२, काढायचा तर लाइन कापायची, फुस्स करून सगळा हवेत. आतली लाइन साफ करायलासुद्धा आम्ही आर-१२ च सोडायचो. वीस-एक वर्षं मी हेच केलं.

हा गॅस वर गेला की शंभरेक वर्षं टिकतो. म्हणजे मी १९९० साली सोडलेला गॅस आजही वर आहे. हे मनातून जात नाही.

१२ सप्टेंबर

आज जेवताना धाकटीला सगळं सांगितलं. १९७४ साली मोलिना आणि रोलंड या दोन शास्त्रज्ञांनी असल्या गॅसांनी ओझोन कमी होईल असा इशारा दिला, तेव्हा गॅस बनवणाऱ्या कंपन्यांनी तो मानला नाही. १९८५ साली अंटार्क्टिकावरच्या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी ओझोनच्या थरातली घट, म्हणजे भोक, मोजून दाखवली. नंतर दोनच वर्षांनी, १६ सप्टेंबर १९८७ ला, माँट्रियलमध्ये असे गॅस कमी करण्याचा करार झाला. पुढे जगातला एकूण एक देश त्यात आला. भारत १९९२ ला आला. २००५ च्या सुमारास आम्हा मेकॅनिक लोकांनाही प्रशिक्षणाला बोलावलं. गॅस हवेत सोडायचा नाही, सिलिंडरमध्ये परत घ्यायचा, हे मी तिथं शिकलो. नवा आर-१२ बनवणं १ जानेवारी २०१० पासून आपल्यासारख्या देशांतही बंद.

"माझं जन्मसाल," ती म्हणाली.

खरंच की. माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

"मग भोक बुजलं का?" नाही अजून. दक्षिण ध्रुवावर २०६६ च्या आसपास थर १९८० इतका होईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तिनं बोटांवर हिशेब केला. छप्पन्न. माझं आजचं वय.

१५ सप्टेंबर

काल-परवाचं सांगणं अर्धवट राहिलं होतं. आर-१२ च्या जागी १३४-ए आला, त्यानं ओझोनला धक्का लागत नाही. पण पृथ्वी तापवण्यात तो वजनाला वजन धरलं तर कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे पटींहून जड. एक दुखणं काढताना दुसरं घरात घेतलं. धाकटीचा चेहरा पडला. मला वाटलं, इथंच थांबलो तर हिच्या हाती भीतीच उरेल. म्हणून दुकानात नेऊन नव्या फ्रीजचा कॉम्प्रेसर दाखवला. त्यावर ज्वालेचं चित्र असलेला पिवळा त्रिकोण. आत आर-६००-ए, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद, पन्नास-साठ ग्रॅम पुरतो आणि तापवत जवळपास नाही. पेट घेतो, म्हणून काम जपून करावं लागतं. २०१६ साली किगालीतल्या बैठकीत १३४-ए सारख्या गॅसांनाही उतरणीला लावायचं ठरलं. भारताला २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात करायची आहे.

मला पुराची भीती वाटत नाही असं नाही. जून लागला की मीही आयर्विनचे आकडे बघतो. एका गॅसाचा प्रश्न सुटला म्हणजे नदीचा सुटला, असंही मी म्हणत नाही. पृथ्वीचं तापणं थांबवायचं काम त्याहून कितीतरी मोठं आहे. पण सगळ्या जगानं मिळून आकाश दुरुस्तीला काढलं आणि त्यात पाना धरणाऱ्या हातांत माझेही होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याच्यावर विश्वास ठेवायचं मी ठरवलंय. पोरीसमोर तर नक्कीच.

१६ सप्टेंबर

मागच्या गल्लीतून एक जुना १६५ लिटरचा फ्रीज भंगारात निघाला होता. कॉम्प्रेसरवर आर-१२. भंगारवाला लाइन कापणारच होता, मी थांबवून फ्रीज दुकानात आणला. धाकटी मागोमाग.

चार्जिंग ट्यूबला पियर्सिंग व्हॉल्व्ह बसवला, रिकव्हरी मशीन जोडलं, सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला. आकडे वाचायचं काम तिचं. वीस. एकेचाळीस. सत्तर. मग हळूहळू. काटा स्थिरावल्यावरही ती वाकून बघत राहिली.

"चौऱ्याण्णव, पप्पा. सगळा आला का?"

आता येण्यासारखा सगळा आला, म्हटलं. तिनं मार्कर मागून घेतला आणि सिलिंडरवर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरांत लिहिलं: आर-१२. सोडू नये. खाली तारीख घातली आणि तारखेखाली स्वतःचं नाव.