रस्त्यांची दर्जोन्नती आणि देखभालीचा निधी

प्रादेशिक रस्ते योजनेत फेरबदल सुचवले गेले की कोणत्या तालुक्याची किती लांबी योजनेत बसली आणि तिच्यासाठी किती कोटी मंजूर झाले, एवढ्यावरच चर्चा थांबते. त्या वाढीव लांबीची देखभाल पुढील वीस वर्षे कोणत्या पैशातून व्हायची, हे फारसे कोणी विचारत नाही. राज्यातील रस्त्यांच्या दुरवस्थेचे एक मोठे कारण मात्र तेथेच सापडते.

1943 मध्ये नागपूर येथे भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने देशासाठी वीस वर्षांची रस्ते योजना आखली आणि रस्त्यांची प्रतवारी ठरवली. पुढे महाराष्ट्राच्या 1961-81, 1981-2001 आणि 2001-21 या योजनाही त्याच धर्तीवर झाल्या. या प्रतवारीत ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग सर्वसाधारणपणे जिल्हा परिषदेकडे, तर प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. खालच्या प्रतीचा रस्ता वरच्या प्रतीत घेण्याला दर्जोन्नती म्हणतात, आणि योजनेतील बदलांच्या प्रस्तावांत सर्वाधिक आग्रह तिचाच धरला जातो.

हा आग्रह समजण्याजोगा आहे, कारण जिल्हा परिषदेकडे पैसा तुटपुंजा असतो आणि रस्ता बांधकाम विभागाकडे गेला की तो सुधारेल, अशी गावाची रास्त अपेक्षा असते. तथापि दर्जोन्नतीच्या आदेशाने बदलतो तो रस्त्याचा क्रमांक आणि त्याची जबाबदारी असलेले कार्यालय. पावणेचार मीटरची डांबरी रुंदी, मोरीची अरुंद नळी आणि खाली न दबलेला भराव जसाच्या तसा राहतो. अर्थसंकल्पात रस्त्यांची नवी बांधणी व रुंदीकरण 5054 या भांडवली लेखाशीर्षाखाली, तर देखभाल व दुरुस्ती 3054 या महसुली लेखाशीर्षाखाली येते. लोकप्रतिनिधी पाठपुरावा करतात तो पहिल्याचा, कारण भूमिपूजन नव्या कामाचे होते, गटार उपसण्याचे होत नाही. लांबी वाढूनही 3054 ची तरतूद त्या प्रमाणात वाढली नाही, तर प्रत्येक किलोमीटरच्या वाट्याला पूर्वीपेक्षा कमी पैसा येतो, हे साधे गणित आहे.

खड्डा पडला की डांबर कमी वापरले, असा निष्कर्ष लोक लगेच काढतात. निकृष्ट कामे होतात आणि त्यांना क्षमा नसावी. पण चांगले कामही देखभालीविना टिकत नाही. रस्ता मधोमध उंच ठेवतात तो पाणी दोन्ही अंगांना वाहून जावे म्हणून. साईडपट्टीवर गवत आणि माती साचून ती डांबरी कडेपेक्षा वर आली, की ती शेताच्या बांधासारखी पाणी अडवते, ते कडेने खाली मुरते आणि काळ्या मातीपर्यंत पोहोचते. मातीची भार पेलण्याची क्षमता सीबीआर या परिमाणात मोजतात. त्यासाठी नमुना चार दिवस पाण्यात ठेवून त्यात ठरावीक आकाराचा दट्ट्या दाबतात. काळ्या मातीचा हा आकडा भिजल्यावर पुष्कळदा दोन-तीन टक्क्यांपर्यंत उतरतो. त्यानंतर चाकाखाली डांबरी थर वाकतो, त्यावर जाळीदार भेगा उमटतात, त्यांतून आणखी पाणी शिरते आणि पावसाळा संपण्यापूर्वी खडी उघडी पडते. वेळेवर साईडपट्टी छाटणे आणि मोरी मोकळी करणे यांवर जो खर्च झाला असता, त्याच्या कितीतरी पट खर्च मग पुनर्बांधणीवर होतो.

यात भाराची भर पडते. आसावरील भार आणि रस्त्याची हानी यांचे नाते अंदाजे चौथ्या घाताचे असते, म्हणजे भार दुप्पट झाला तर हानी सुमारे सोळापट होते. 2018 मध्ये मालमोटारींच्या चार चाकी एकेरी आसाची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टनांवर नेण्यात आली. ही वाढ पावणेतेरा टक्क्यांची दिसते, पण या नियमाने पूर्ण भरलेल्या आसामागे हानी साठ टक्क्यांहून अधिक वाढते. जुन्या भारासाठी बांधलेल्या रस्त्यांना हा फरक देखभालीतूनच भरून काढावा लागतो.

रस्त्यांसाठी वेगळा निधी असावा, हा विचार या देशात नवा नाही. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली 1927 मध्ये नेमलेल्या समितीच्या शिफारशीवरून पेट्रोलवर जादा कर बसला आणि 1929 मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. त्या निधीला 2000 च्या कायद्याने वैधानिक आधार मिळाला. 2018 च्या दुरुस्तीने मात्र त्याच्या नावात आणि कार्यकक्षेत इतर पायाभूत सुविधाही आल्या, त्यामुळे रस्त्यांच्या वाट्याकडे अधिक सावधपणे पाहावे लागते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने मूळ कंत्राटातच पाच वर्षांची देखभाल घातली, ही तिची सर्वांत मोलाची तरतूद आहे. नव्या प्रादेशिक योजनेत तीच शिस्त दर्जोन्नतीलाही लागू व्हावी: प्रत्येक प्रस्तावासोबत त्या रस्त्याची सद्यःस्थिती, मोऱ्यांची यादी, आसभाराची मोजणी आणि पुढील वीस वर्षांच्या देखभालीचा वर्षवार खर्च जोडलेला असावा, आणि 3054 खाली तेवढी वाढ मान्य होईपर्यंत दर्जोन्नतीचा आदेश निघू नये.