डॉकटाइपचाही डॉकटाइप!

चहा नंतर! आधी इकडे या, हे बघा!

मी जन्मभर बँकेत खतावण्या जुळवलेला बी.कॉम. माणूस. प्रोग्रामिंगमधलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. सोसायटीच्या कपाटातली पुस्तकं कोणी नेली, कोणी बुडवली, ती वही माझ्याकडे. तेवढ्यासाठी भाचीने लॅपटॉपवर फ्रॅपे बसवून दिलं. आपल्या मुंबईतच जन्मलेलं फ्रेमवर्क! कंपन्यांचा कारभार सांभाळणारं ईआरपीनेक्स्ट याच्यावरच उभं आहे! आणि फुकट! फ्रॅपेच्या शिकवणीत करायला काय दिलंय? वाचनालय! ज्या ठाण्यात 1893पासून मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, तिथे नौपाड्यात राहणारा माणूस हे सोडेल?

तर 'बुक' नावाचा डॉकटाइप केला. म्हणजे नाव, लेखक, हरवलं का, एवढे रकाने सांगितले. सेव्ह दाबलं आणि मग फॉर्म आपोआप उगवला आणि मग यादी आली आणि मग खालच्या मारियाडीबी डेटाबेसमध्ये डोकावलो तर तिथे टेबल हजर आणि त्याचं नाव 'टॅबबुक'! प्रत्येक डॉकटाइपच्या टेबलाला हे 'टॅब' आडनाव! आणि मग कळलं, डॉकटाइप हासुद्धा एक डॉकटाइपच! 'टॅबडॉकटाइप'! फॉर्म बनवायचा फॉर्मही त्याच जातीचा! मी उठून गॅलरीत दोन चकरा मारून आलो.

थांबा, जाऊ नका! दंडाचा हिशेब मी वाचनालयाच्या अ‍ॅपमध्येच कोंबत होतो. भाची फोनवर म्हणाली, "मामा, त्याचं वेगळं अ‍ॅप करा." वेगळं? मग पुस्तक परत आल्याचं त्याला कळणार कसं? तर हुक्स डॉट पाय नावाची एक साधी फाइल असते! तिच्यात लिहून ठेवायचं, अमुक नोंद सबमिट झाली की माझं हे फंक्शन चालव. बस्स! शेजारच्या वहिनींना सांगतो ना आपण, दूधवाला आला की हाक मारा, तसं! वाचनालयाच्या अ‍ॅपला जगात दंड असतो हेच माहीत नाही! तिथलं एक अक्षर मी बदललं नाही! दंड काढला, वाचनालय चालू! बसवला, चालू! पुन्हा काढला! (दंडाच्या नोंदीही त्याच्याबरोबर गेल्या, तो भाग वेगळा.) मिसळणाच्या डब्यातली हळदीची वाटी घासायला काढली म्हणून मोहरीचं काही अडतं का?

खुद्द फ्रॅपेवाल्यांनीही हेच केलंय! 2022मध्ये, चौदाव्या आवृत्तीत, ईआरपीनेक्स्टमधलं पगार आणि एचआरचं सगळं बिऱ्हाड उचलून वेगळ्या अ‍ॅपमध्ये नेलं!

आणि एकाच बेंचवर, म्हणजे एकदा बसवलेल्या फ्रॅपेवर, कितीही साइट! हो, बेंचच म्हणतात, शाळेतल्यासारखं! प्रत्येक साइटवर हवी तेवढीच अ‍ॅपं. ए विंगला दंड, बी विंगला माफी! बी विंगच्या सेक्रेटरींना आत्ताच सांगायला हवं. पावणेबारा वाजले? वाजू देत! पण तुम्ही लावा हो फोन, माझा ते हल्ली उचलत नाहीत.