तानेसाठी राखलेली जागा

घरच्या घरी ख्याल रेकॉर्ड करायला बसलेला मुलगा पहिल्यांदा फसतो तो आलापात. गाणारी मंद्रात खर्ज लावते, पडद्यावरची हिरवी पट्टी जेमतेम हलते, आणि त्याचा हात इंटरफेसच्या गेनच्या नॉबकडे जातो. हेडफोनमध्ये आवाज कसा भरून येतो! मग द्रुतात तान तार षड्जाला भिडते आणि लाल दिवा लागतो. आख्ख्या मैफलीतली सर्वात देखणी जागा नेमकी फाटते.

माइकमधून निघणारा सिग्नल असतो जेमतेम काही मिलिव्होल्टचा. प्रीअ‍ॅम्प गेनच्या नॉबनुसार त्याला मोठं करतो, कन्व्हर्टर त्याचे आकडे करतो, आणि त्या आकड्यांना छत असतं: शून्य डेसिबल. लाटेचा माथा छताला लागला की सपाट छाटला जातो. चुंबकीय टेप या बाबतीत दयाळू होती. जोर वाढला की तिच्यावरचे माथे हळूहळू गोलावत. आकड्यांपाशी ती माया नाही. नंतर सॉफ्टवेअरमधला फेडर कितीही खाली ओढा, फाटलेली तान फाटलेलीच राहते, फक्त हळू ऐकू येते.

1902 साली कोलकात्यात फ्रेड गेझबर्गने गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा ध्वनिमुद्रणात विजेचा माइकच नव्हता. कर्ण्यात शिरलेल्या आवाजाच्या जोरावरच सुई मेणात रेघ कोरायची. त्या काळी जोराचा स्वर आला की गायक कर्ण्यापासून मागे सरत, हळवा आला की पुढे होत. गेनचा नॉब गायकाच्या मानेत होता म्हणायचं.

आजच्या मुलाला हळू आवाजाची भीती बाळगायचं कारण उरलेलं नाही. हळू ते जोरदार आवाजाचा पल्ला एका बिटमागे साधारण 6 डेसिबल, म्हणजे 16 बिटला 96 आणि 24 बिटला कागदोपत्री 144. शिखरं उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवली, म्हणजे छताच्या पाव उंचीवर, तरी काही हरवत नाही. खोलीतल्या पंख्याची घरघर कन्व्हर्टरच्या खरखरीहून कितीतरी मोठी असते. पंखा मात्र बंद करावाच.

म्हणून पुढच्या खेपेला तो आधी तिला सर्वात चढी, सर्वात जोरकस तान घ्यायला सांगतो. चाचणीत गळा नेहमीच जरा राखून लागतो, हे ओळखून नॉब आणखी थोडा मागे घेतो. तबल्याची ‘ना’ स्वतंत्रपणे तपासतो, कारण तिचा टोकदार ठोका पट्टीला दिसायच्या आत होऊन गेलेला असतो.

मग तानपुरा सुरू होतो. खर्ज लागतो. हिरवी पट्टी जेमतेम हलते, आणि त्याचे हात मांडीवरच राहतात.